इंजिन माती खातंय का, ते तेलाला विचारा

कणकवली तालुक्यात चिरेखाणीवर, म्हणजे जांभ्या दगडाचे चिरे काढतात तिथे, माझं एक बॅकहो (जेसीबीसारखं खोदायचं मशीन) आणि एक डंपर चालतो; दुसरा डंपर वाळू भरतो. बॅकहोचं इंजिन पहिल्यांदा उतरवलं तेव्हा मीटरवर जेमतेम ३,४०० तास होते. हेड काढलं तर लायनरच्या (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याच्या) वरच्या टोकाला नख अडकत होतं आणि पिस्टनवरच्या रिंगांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार झाल्या होत्या. फिटर म्हणाला, माती खाल्लीय. मी म्हटलं, कसं शक्य आहे, एअर फिल्टर दर आठवड्याला मी स्वतः काढून हवा मारतो. तो नुसता हसला. ऑपरेटरही माझ्याच बाजूने होता: "फिल्टर नवो आसा, धूळ खयसून जातली?"

धूळ जात होती फिल्टरच्या पुढून. फिल्टर ते टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) या रबरी पाइपला क्लॅम्पच्या खाली, जमिनीकडच्या बाजूला, बोटभर चीर पडली होती. वरून बघणाऱ्याला पाइप धडधाकट. माझ्या दर आठवड्याच्या साफसफाईत तो पाइप हलवून हलवून मीच ती चीर वाढवली असणार, असं आता वाटतं.

त्या इंजिनच्या तेलाची एकदाही तपासणी केली असती, तर ही गोष्ट हजारभर तास आधी कळली असती. नवीन इंजिन बांधल्यापासून मी दर तेलबदलीला सॅम्पल पाठवतो. खाण, क्रशर, ट्रॅक्टर, डंपर, जनरेटर यातलं काहीही ज्यांच्याकडे आहे आणि ज्यांनी आजवर तेल फक्त बोटावर घेऊन चोळून बघितलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

१. आधी धुळीचा हिशेब समजून घ्या

एक लिटर डिझेल जाळायला इंजिनला कमीत कमी १०,००० लिटर हवा लागते, आणि डिझेल इंजिन प्रत्यक्षात याहून बरीच जास्त ओढतं. दिवसाला ५० लिटर डिझेल जाळणारं मशीन किती हवा पितं, ते तुम्हीच गुणून बघा. मार्च-एप्रिलमध्ये खाणीत समोरचा डंपर दिसत नाही, त्या हवेची ही गोष्ट आहे.

नुकसान करणारी धूळ डोळ्यांना दिसत नाही. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, आणि रिंग-लायनर घासून काढणारे कण असतात ५ ते २० मायक्रॉनचे. तेलाचा थर त्याहून पातळ असतो, त्यामुळे कण दोन्ही बाजूंना टेकतो आणि कानशीसारखा चालतो. आत गेलेली बरीचशी धूळ एक्झॉस्टवाटे निघून जाते, पण जाता जाता काम करून जाते. थोडी लायनरवरच्या तेलात अडकून खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरते. आपल्याला सापडते ती ही.

प्रयोगशाळेत तेलाचा थेंब प्रचंड तापलेल्या प्लाझ्मात जाळतात. प्रत्येक मूलद्रव्याचा प्रकाश वेगळा पडतो, त्यावरून कशाचं किती ते पीपीएममध्ये सांगतात. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग. सिलिकॉन हे धूळ-वाळूतलं मूलद्रव्य, म्हणून धुळीचा माग त्यावरून काढतात. दहा लिटर तेलात २० पीपीएम सिलिकॉन म्हणजे सगळी मिळून चिमूटभर वाळू. एवढ्याशा मातीची खबर आठवडाभरात कागदावर येते, यात मला अजूनही जादू वाटते.

२. जवळ काय काय ठेवायचं

- प्रयोगशाळेने दिलेल्या कोऱ्या बाटल्या, साधारण १०० मिलीच्या. पाण्याची किंवा औषधाची बाटली धुऊन वापरायची नाही.
- हाताने ओढायचा व्हॅक्यूम पंप, जो डिपस्टिकच्या नळीतून तेल खेचतो.
- पंपाला लावायची प्लास्टिकची नळी. दर सॅम्पलला नवी.
- धागे न सुटणारं स्वच्छ कापड. बनियनचा जुना तुकडा चालतो, कापसाचा बोळा नको.
- न पुसला जाणारा मार्कर आणि एक वही.

कागदपत्रांत इंजिनचा मेक आणि नंबर, तासांच्या मीटरचं रीडिंग (डंपरला किलोमीटर), तेलाचा ब्रँड आणि ग्रेड, मागची तेलबदली कधी झाली ती तारीख. एवढं वहीत आधीच लिहून ठेवा. खाणीवर उभं राहून फोनमध्ये जुने फोटो शोधत बसलात की बाटली उघडी राहते, आणि मग तुम्ही खाणीतल्या हवेचं सॅम्पल पाठवता.

सिंधुदुर्गात बसून आपल्याला बहुधा पुण्या-मुंबईकडच्या प्रयोगशाळेलाच कुरिअर करावं लागतं. तेल विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे डीलर कधीकधी मोठ्या गिऱ्हाइकांना तपासणी करून देतात, तेव्हा आधी डीलरला विचारा. फक्त 'तेल चांगलं आहे का' एवढं सांगणारी तपासणी घेऊ नका. मूलद्रव्यांची पूर्ण यादी, १०० अंशांवरची व्हिस्कॉसिटी (तेलाचा घट्टपणा), पाणी, काजळी आणि डिझेलची भेसळ एवढं मागा.

३. पहिली बाटली कोऱ्या तेलाची

ही पायरी सगळे गाळतात. तेलाला फेस येऊ नये म्हणून त्यात मुळातच थोडं सिलिकॉन घातलेलं असतं. काही तेलांत सोडियम असतं, काहींत टायटॅनियमही असतं. नव्या डब्यातलं तेल तपासलं नसेल तर रिपोर्टमधल्या ८ पीपीएम सिलिकॉनपैकी डब्यातलं किती आणि खाणीतलं किती, ते कुणीच सांगू शकत नाही. माझ्या तेलात कोऱ्या डब्यातच ५ निघाले. तेलाचा ब्रँड बदललात तर ही बाटली पुन्हा पाठवायची.

४. सॅम्पल काढणं: निम्म्या चुका इथेच होतात

मशीन काम करून आलेलं हवं, इंजिन गरम हवं. रात्रभर उभ्या मशीनचं तेल काढलंत तर जड कण तळाला बसलेले असतात आणि रिपोर्ट उगाच सुंदर येतो. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांत काम उरका.

पंपाने काढायचं असेल तर नळी आधी डिपस्टिकशेजारी धरा आणि डिपस्टिकच्या टोकाहून बोटभरच लांब कापा. जास्त लांब नळी चेंबरच्या तळातला गाळ ओढते. डिपस्टिकच्या तोंडाभोवती जी लाल पेंड साठलेली असते, ती नळी घालण्याआधी पुसून काढा. ही पेंड नळीबरोबर आत गेली की सिलिकॉन तिप्पट दिसतं आणि तुम्ही नसलेली चीर शोधत फिरता. मी एकदा दोन दिवस फिरलोय.

पंप नसेल तर तेल बदलताना ड्रेन नटमधून काढा. नट आणि आजूबाजूचा भाग आधी पुसा. पहिली धार सोडून द्या, शेवटचीही घेऊ नका, मधल्या धारेत बाटली धरा. बाटली पाऊण भरली की लगेच झाकण. जुन्या ऑइल फिल्टरमधून ओतून घेतलेलं तेल, किंवा टोपात जमा झालेलं तेल चालत नाही.

टॉप-अप करून लगेच सॅम्पल घेऊ नका. दोन लिटर नवं तेल पडलं की सगळे आकडे पातळ होतात. आणि एकदा पंपाने, एकदा नटातून असं करू नका. जी पद्धत धराल ती कायम ठेवा, नाहीतर आकड्यातला फरक इंजिनचा की पद्धतीचा हे कळत नाही.

५. फॉर्म पूर्ण भरा

बाटलीवर नुसतं 'जेसीबी' लिहून पाठवणारे लोक मी पाहिलेत. या तेलावर मशीन किती तास चाललं, हे नसेल तर रिपोर्टचा उपयोग शून्य. १०० तासांत १५ पीपीएम आणि ३५० तासांत १५ पीपीएम या दोन वेगळ्या बातम्या आहेत. मधे किती लिटर टॉप-अप केलं, इंजिन अलीकडे उघडलं होतं का, कुठे सीलंट लावलं का, कुलंट भरावं लागतं का, हेही लिहा. बाटली दोन पिशव्यांत घालून पाठवा. पावसात गळालेली बाटली कुरिअरवाला परत आणून देतो, वर तुम्हालाच ऐकवतो.

६. रिपोर्ट वाचणं

रिपोर्ट आला की लोक सिलिकॉनचा आकडा बघतात आणि शेजारी छापलेल्या मर्यादेशी ताडतात. सर्वसाधारणपणे १०-१५च्या आत असेल तर निवांत, २०-२५च्या पुढे गेला की शोध सुरू करायचा, असा ढोबळ अंदाज आहे. पण एकटा आकडा फसवतो. सिलिकॉनबरोबर कोण कोण वर गेलं, ते बघायचं.

इनटेकमधून धूळ शिरली तर ती आधी टर्बोतून आणि मग वाल्व-लायनर-रिंग-पिस्टनवरून जाते. म्हणून सिलिकॉनबरोबर लोखंड (लायनर), क्रोमियम (रिंग) आणि ॲल्युमिनियम (पिस्टन) चढतात. पण सिलिकॉनबरोबर शिसं, कथील, तांबं चढलं आणि क्रोमियम जागेवर राहिलं, तर धूळ हवेतून न येता तेलाच्या रस्त्याने आलीय असं समजा. म्हणजे मळकं नरसाळं, उघडा राहिलेला तेलाचा डबा, फिलर कॅपचं (तेल ओतायच्या झाकणाचं) गेलेलं वायसर, फाटका ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी). ही धूळ आधी बेअरिंगवर जाते. खाणीवर उघड्या कॅनमधून तेल ओतणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता कोकणातली खास भानगड. पुस्तकांत आणि बाहेरच्या लेखांत लिहिलेलं असतं की साध्या धुळीत सिलिकॉन ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी पट असतं, त्यामुळे ॲल्युमिनियम फार वाढलं तर पिस्टन बघा. आपली धूळ साधी नाही. सह्याद्रीचा काळा दगड लाखो वर्षांच्या पावसात धुपून त्यातली सिलिका वाहून गेली, मागे राहिलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. तोच जांभा. दापोली-मंडणगडकडे हे इतकं टोकाला गेलंय की तिथे बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमची खनिजंच मिळतात. तेव्हा चिरेखाणीवरच्या इंजिनात धूळ गेली की ॲल्युमिनियम आणि लोखंड धुळीतूनच येतात, पिस्टन-लायनर झिजले नसले तरी. माझ्या बॅकहोच्या रिपोर्टात सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमचं प्रमाण दोनास एकच्याही आत असतं. प्रयोगशाळेतला माणूस दरवेळी शेरा मारतो: पिस्टन तपासा.

मग झीज खरंच होतेय का, हे कशावरून ओळखायचं? मी क्रोमियमवर विश्वास ठेवतो. जांभ्याच्या धुळीत ते लोखंड-ॲल्युमिनियमच्या मानाने नगण्य असतं, आणि बहुतेक रिंगांत ते असतंच. ॲल्युमिनियम १५ झालं पण क्रोमियम १वर स्थिर, तर धूळ शिरतेय पण अजून वेळ आहे. क्रोमियम १वरून ४वर गेलं तर मशीन त्याच दिवशी उभं करा. तुमच्या इंजिनच्या रिंगा कशाच्या आहेत ते मात्र एकदा स्पेअर पार्टवाल्याकडून विचारून घ्या.

माझा दुसरा डंपर कासार्डे भागातून सिलिका वाळू भरतो. त्याची गोष्ट उलटी. तिथली धूळ जवळपास शुद्ध क्वार्ट्झ, कडकपणा मोहच्या मापात ७, म्हणजे जांभ्यातल्या मऊ मातीपेक्षा पुष्कळ कठीण. हिच्यात ॲल्युमिनियम जवळजवळ नसतं. रिपोर्टात सिलिकॉन एकटंच चढतं, आणि 'एकटं सिलिकॉन म्हणजे सीलंट, काळजी नको' हा सगळीकडे सांगितला जाणारा नियम इथे इंजिन घालवू शकतो. अशा गाडीला लोखंड आणि क्रोमियम हेच साक्षीदार. दोन डंपर, एकच मालक, एकच तेल, आणि रिपोर्ट वाचायचे नियम दोन. म्हणून शेजाऱ्याच्या रिपोर्टशी आपला ताडून बघू नका. स्वतःच्या मागच्या रिपोर्टशी ताडा.

नवीन इंजिन बांधल्यावर बॅकहोचे आकडे असे आले. ५० तासांना सिलिकॉन ३८, लोखंड ६०. माझे हातपाय गळाले. पण ते सीलंट, जुळणीतली घाण आणि नव्या रिंगांची बसणी होती. पुढच्या तेलाला १८, त्यापुढच्याला ९. मग दीड वर्ष ९-१०च्या आसपास. आणि मग एका मे महिन्यात एकदम २७, ॲल्युमिनियम ५वरून १७, लोखंड २२वरून ४८, क्रोमियम १वरून ४. फिल्टर नवा होता, पाइप नवा होता, क्लॅम्प नवे होते. काय निघालं ते आठव्या पायरीत सांगतो.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. प्रयोगशाळेतल्या या यंत्राला बारीकच कण नीट दिसतात, साधारण ५-८ मायक्रॉनपर्यंतचे. त्याहून मोठे कण नीट जळत नाहीत आणि आकड्यात येत नाहीत. त्यामुळे सिलिकॉन कमी आलं म्हणजे सगळं आलबेल असं नाही. तेलात लोखंडाचे मोठे कण किती, हे मोजणारी वेगळी चुंबकीय तपासणी असते. लोखंडाचा आकडा साधा आणि ती तपासणी चढती असेल तर फिटरला बोलवा.

७. खोटं सिलिकॉन

शोध सुरू करण्याआधी एवढं वगळून घ्या.

सिलिकॉन सीलंट. आपल्याकडे गॅस्केटच्या जागी ट्यूब पिळायची सवय आहे. ते तेलात सुटतं, दोन-तीन तेलबदलींत आकडा आपोआप खाली येतो. झीज वाढत नाही.

कुलंट. काही कुलंटमध्ये सिलिकेट असतं. सिलिकॉनबरोबर सोडियम आणि पोटॅशियम वाढलं तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलरकडे बघा, एअर क्लीनरकडे नको. देवगड-मालवणच्या किनाऱ्यावर फिरणाऱ्या गाड्यांत एकटं सोडियम थोडं वर दिसू शकतं, कारण खारी हवा. पोटॅशियम सोबत नसेल आणि कुलंटची पातळी हलत नसेल तर मी घाबरत नाही, पण पुढचं सॅम्पल लवकर घेतो.

ग्रीस. फिल्टरच्या रबराला चिकट राहावं म्हणून काही फिटर सिलिकॉन ग्रीस लावतात. ते ओढलं जाऊन तेलात येतं. शिवाय त्यावर धूळ चिकटते आणि सील नीट बसत नाही. लावू देऊ नका.

८. चीर शोधणं

फिल्टर आणि टर्बो यांच्या मधला भाग पहिला. इथे इंजिन हवा खेचतं, त्यामुळे बारीकशी फटसुद्धा धूळ आत ओढते. टर्बोच्या पुढे, इंटरकूलरच्या बाजूला, काम चालू असताना हवेचा दाब असतो. तिथली गळती बाहेर फुसफुसते, ताकद कमी करते, काळा धूर काढते, पण माती सहसा आत नेत नाही. म्हणून इंटरकूलरचे पाइप उघडत बसू नका.

मी हा क्रम पाळतो:

क) एअर क्लीनरचं झाकण उघडा, बाहेरचा आणि आतला सेफ्टी फिल्टर काढा. आतल्या फिल्टरच्या मागच्या नळीत पांढरं ओलं कापड फिरवा. कापड पांढरं आलं पाहिजे. लाल रेघ आली की फिल्टर किंवा त्याचा सील गेला, पुढे शोधायची गरज नाही.

ख) कापड पांढरं आलं तर पाइप टर्बोकडून सोडा आणि तिथे कापड फिरवा. इथे लाल आलं म्हणजे फट मधे कुठेतरी. पाइप वाकवून, पिळून, उजेडाला धरून बघा. क्लॅम्पच्या खालचा भाग आणि जमिनीकडची बाजू हमखास. आपल्या खाऱ्या हवेत साधे लोखंडी क्लॅम्प एका पावसाळ्यात गंजतात, घट्ट दिसतात आणि धरत नाहीत. स्टेनलेसचे घ्या.

ग) टर्बोच्या पंख्याच्या पात्या टॉर्चने बघा. कडा झिजून बोथट किंवा वाळू मारल्यासारख्या खरखरीत झाल्या असतील तर धूळ बरेच दिवस जातेय.

घ) मुख्य पाइपला जोडलेल्या बारीक नळ्या. इथेच बहुतेक लोक चुकतात, मीही चुकलो. फिल्टर चोंदला की लाल होणारा इंडिकेटर ज्या छोट्या फिटिंगवर बसतो, ते फिटिंग तडकलं होतं. पेनाच्या रिफिलएवढं भोक, आणि तेवढ्याने सहाव्या पायरीतले ते मे महिन्यातले आकडे आले होते. गंमत म्हणजे या फटीमुळे इंडिकेटर कधी लालच झाला नाही, आणि मी फिल्टरचं कौतुक करत होतो. डंपरला ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर बऱ्याचदा याच पाइपमधून हवा घेतो. त्याची रबरी नळी, ब्रीदरची नळी, सगळ्या हाताने ओढून बघा.

ङ) सापडलं नाही तर एअर क्लीनरकडचं तोंड बंद करून पाइपात अगदी हलका दाब द्या, एक-दोन पीएसआय पुरे, आणि साबणाचं पाणी लावा. सायकलचं पंक्चर काढतात तसं. कॉम्प्रेसरचा नळ पूर्ण उघडलात तर टर्बोचे सील जातील.

एक धोका: पेट्रोल गाड्यांचे मेकॅनिक फट शोधायला इंजिन चालू ठेवून पाइपवर स्प्रे मारतात, इंजिनचा आवाज बदलला की फट सापडली. डिझेलवर हे कधीही करू नका. स्टार्टिंग स्प्रे किंवा तसला पेट घेणारा वायू आत ओढला गेला तर इंजिन चावी बंद करूनही पळत सुटतं.

फिल्टरबद्दल थोडं, कारण माझं पहिलं इंजिन मी याच अडाणीपणात घालवलं. कागदाच्या फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा मारली की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. शिवाय थोडा मळलेला फिल्टर नव्यापेक्षा धूळ जास्त चांगली अडवतो, कारण अडकलेली धूळच पुढच्या धुळीला अडवते. दर वेळी उघडलात की थोडी माती स्वच्छ बाजूला सांडणारच. इंडिकेटर लाल झाला की बदला. त्याआधी उघडू नका. आतला सेफ्टी फिल्टर साफ करायचा नसतोच, बाहेरचा दोन-तीनदा बदलला की तो नवा घालायचा. एअर क्लीनरखालचा रबरी बोंडा, ज्यातून जाड धूळ गळून पडते, तो चिकटलेला किंवा गायब असेल तर पाच मिनिटांत लावा. खाणीवरच्या निम्म्या मशीनना तो नसतो.

जुन्या ट्रॅक्टर-टिलरला तेलाचं भांडं असलेला एअर क्लीनर असतो. त्यात तेल खुणेपर्यंतच, आणि चिखल झाला की लगेच बदला. पिकअप किंवा मोटारसायकलला 'पिकअप वाढतो' म्हणून जाळीदार धुऊन वापरायचे फिल्टर लावणाऱ्या पोरांना एवढंच सांगेन: आधी एक सॅम्पल काढा, मग फिल्टर बदला, मग दुसरं काढा. वाद घालायची गरज राहणार नाही.

पावसाळ्याची वेगळी भानगड. जूनपासून गणपतीपर्यंत मशीन उभं असतं. या काळात उंदीर एअर क्लीनरच्या डब्यात घरटं करतात आणि रबर कुरतडतात. कुंभारमाशी उघड्या नळीत मातीचं घर बांधते. दुरुस्तीसाठी पाइप सोडून ठेवला असेल तर तोंडाला कापड बांधा, कारण स्वच्छ बाजूला बांधलेलं ते मातीचं घर इंजिन सुरू होताच सरळ टर्बोत जातं.

९. फट बुजवल्यावर

तेल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला. ठरलेले २५० तास भरायची वाट बघू नका. जुनं तेल पूर्ण कधीच निघत नाही, कोपऱ्यांत थोडं राहतं, त्यामुळे पुढचा आकडा लगेच ९वर येणार नाही. माझा ५० तासांना १२ आला, त्यापुढच्या पूर्ण तेलबदलीला १०. उतरतोय का, एवढंच बघायचं. ५० तासांतच पुन्हा २० दिसला तर दुसरी फट आहे, एकावर थांबू नका.

क्रोमियम आणि लोखंड त्यानंतरही चढं राहिलं, आणि तेल कमी व्हायला लागलं, फिलर कॅप उघडल्यावर धूर भपकन येत असेल, तर रिंगा गेल्या. तेव्हा कॉम्प्रेशन तपासून घ्या आणि काम करायचं तर पावसाळ्यात करा, मशीन तसंही उभं असतं. फट वेळेत सापडली तर इतकी पाळी सहसा येत नाही.

सॅम्पलच्या तारखा मी वहीत अशा बसवल्यात: गणपतीनंतर मशीन सुरू होऊन पहिले ५० तास झाले की एक, शिमग्याच्या आसपास एक, आणि मे संपताना, धूळ सगळ्यात जास्त खाल्लेली असताना, एक. मधे तेल बदललं तर तेव्हाचं वेगळं. तीन रिपोर्ट एकाखाली एक चिकटवले की चढउतार समजायला शिक्षण लागत नाही. ऑपरेटरलाही मी तो कागद दाखवतो. हल्ली पाइपाखाली हात घालून क्लॅम्प तोच बघतो.

परवाच्या रिपोर्टात सिलिकॉन ९, क्रोमियम १, ॲल्युमिनियम ६. शेरा तोच: पिस्टन तपासा. पूर्वी मी फोन करून जांभ्याबद्दल समजावायचो. आता फॉर्मवर 'मशीन चिरेखाणीवर' असं ठळक लिहून पाठवतो आणि शेरा वाचत नाही.